तुम्ही विचारलंत म्हणून: तो पांढरा सॅक्स मी वाजवत का नाही

घरी येणारा प्रत्येक जण भिंतीवरच्या ग्राफ्टनकडे, म्हणजे त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सॅक्सोफोनकडे, बोट दाखवतो. "नुसता शोभेला ठेवलाय का?" पुण्याहून आलेल्या आत्याने तर "खेळण्यातला आहे का रे?" असंच विचारलं. इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगतो.

खेळणं नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या एत्तोरे सोम्मारुगा या इटालियन माणसाने घडवलेला हा ऑल्टो (मध्यम आकाराचा सॅक्स) १९५० मध्ये बाजारात आला. अंग साच्यात ओतलेल्या साईच्या रंगाच्या अ‍ॅक्रिलिकचं, बोटांनी दाबायच्या किल्ल्या आणि मान धातूची. पितळी सॅक्समध्ये सुईसारख्या स्प्रिंगा असतात, यात वेटोळ्याच्या; म्हणून बोटांखाली तो जरा मऊ, दबका लागतो. किंमत ५५ पौंड, पितळी सॅक्सच्या निम्म्याच्या आसपास. १५ मे १९५३ ला टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये जॅझचा नामी सॅक्सवादक चार्ली पार्कर असाच ग्राफ्टन वाजवत होता, आणि दुसरा जॅझवाला ऑर्नेट कोलमन, त्याने घेतला तो खिशात पैसे कमी म्हणून. म्हणजे गरिबाचं वाद्य. तेच मी भिंतीला टांगलंय. टोमणा मारायचाच असेल तर हा मारा, तो मला लागतो.

न वाजवण्याचं कारण एका रात्रीचं. त्या रात्री जी-शार्प या सुराचं पॅड, म्हणजे भोक झाकणारी मऊ चकती, चिकटत होतं. पितळी सॅक्सवर वीस वर्षं केलं तेच केलं: कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि भोकाची कड पुसली. दोनदा. स्वच्छ झाली, पॅड सुटलं, मी खूश होऊन झोपलो. सकाळी खिडकीतल्या उजेडात धरला, तर कडेपासून जवळच्या स्क्रूपर्यंत केसाएवढ्या रेघांचं जाळं. चिनीमातीच्या जुन्या कपावर असतं तसं. आधी वाटलं धूळ असेल. नखाने खरवडून पाहिलं.

अ‍ॅक्रिलिक साच्यात थंड होताना त्याच्या अंगात ताण राहून जातो, आणि स्पिरिट लागलं की त्या ताणाच्या जागी ते तडकतं. मला हे माहीत नव्हतं, असं मी बरीच वर्षं सांगायचो. खोटं. वाचलेलं होतं. हात सवयीने गेला.

दुरुस्ती करणाऱ्या एका जाणकाराला फोन केला. त्याने एकच विचारलं, "कशाने पुसलंत?" मी म्हणालो, "ओल्या फडक्याने." तो काही बोलला नाही. मग "आणा, बघू," म्हणाला. मी नेलाच नाही. सुटे भाग मिळत नाहीत, कारखान्यातली अवजारंसुद्धा केव्हाच मोडीत गेली, ही कारणं खरीच आहेत. पण न नेण्याचं कारण ते नव्हतं.

'वाद्य वाजवायलाच असतं, काचेमागे ठेवणारे दुकानदार,' असं मीच एके काळी तावातावाने म्हणायचो. पार्करचा ग्राफ्टन १९९४ मध्ये लिलावात ९३,५०० पौंडांना गेला, तेव्हाही हेच म्हणालो होतो. असं म्हणणारा तेव्हाचा तो पोरगा, म्हणजे मीच, समोर आला तर त्याला काय सांगू? सगळ्यात खालचा सूर, बी-फ्लॅट, फुंकला की सगळं अंग मांडीवर थरथरतं, आणि त्या थरथरीत मला रेघ पुढे सरकल्यासारखी वाटते. खरंच सरकते का, हे मोजून बघितलेलं नाही. मोजायचंही नाही.

गेल्या महिन्यात भाचा म्हणाला, "मामा, एकदाच फुंकू?" मी त्याच्या हातात पितळी दिला. फुंकताना त्याची नजर भिंतीवरच होती.