सेंचाला उकळी नको

कोल्हापुरात चहा खळखळून उकळला नाही तर तो चहाच नाही. तीच सवय सेंचाला, म्हणजे जपानी हिरव्या चहाला लावली की कप कडूजहर होतो आणि बोल पत्तीला लागतो. खरं तर बिघाड पाण्यात असतो.

जपानी हिरवी पत्ती तोडल्याबरोबर वाफवतात, त्यामुळे ती काळी पडत नाही. तिच्यातली गोडसर चव देणारं थिॲनिन कोमट पाण्यातही उतरतं. तुरटपणा देणारी कॅटेचिन्स मात्र पाणी जितकं गरम तितकी जास्त सुटतात. म्हणून दोन कपांना ४-५ ग्रॅम पत्ती, ७० ते ७५ अंशांचं २०० मिली पाणी आणि एक मिनिट. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी गार भांड्यात ओता. दर ओतण्याला साधारण १० अंश उतरतात. शेवटचा थेंबही निथळून घ्या. पाणी तळाशी राहिलं तर पत्ती मुरत राहते आणि पुढचा कप बिघडतो. दुसऱ्यांदा पाणी थोडं जास्त गरम चालतं, पण १५-२० सेकंदांतच गाळायचं. बोअरचं जड पाणी नकोच, चव मरते.

टोकियोला जाणार असाल तर हा फरक समोर बसून बघता येतो. मिनामी-आओयामातल्या साकुराई चहाघरात काउंटरवरच होजिचा (भाजलेला हिरवा चहा) भाजतात, आणि ग्योकुरो हा सावलीत वाढवलेला हिरवा चहा पिऊन झाल्यावर उरलेली पानं पोन्झू, म्हणजे लिंबूवर्गीय रसाचा सोया सॉस, घालून खायला देतात. क्योटोतलं इप्पोदो हे चहाचं दुकान १७१७ सालचं. त्यांच्या टोकियोतल्या मारुनोउची शाखेत बसून चहा पिता येतो. खरेदी करताना शिंचा, म्हणजे वसंतातली पहिली तोड, मागा. पाकिटं लहानच घ्या.

घरच्यांना सुरुवात होजिचानेच करून द्यावी असं माझं ठाम मत आहे. भाजलेली पत्ती, उकळतं पाणी, ३० सेकंद. कडू होण्याची भीती जवळजवळ नाही. दूध घालायचं तर आपला गूळही छान लागतो, फक्त तो गॅस बंद करून घाला, नाहीतर दूध फाटतं.

माचाला, म्हणजे हिरव्या पत्तीच्या बारीक पुडीला गूळ नको, हिरवा रंग मळतो. २ ग्रॅम पावडर आधी गाळणीतून चाळा, ८० अंशांचं ६०-७० मिली पाणी घाला आणि बांबूचं घुसळणं मनगटातून इंग्रजी एम अक्षरासारखं वेगाने फिरवा. न चाळता घेतलेल्या गुठळ्या कितीही घुसळा, फुटत नाहीत. माचा लाटे, म्हणजे दुधातला माचा करायचा तर गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध फार दाट पडतं, माचा त्यात बुडून जातो. गाईचं घ्या आणि पावडर ३ ग्रॅम करा. डब्यावरच्या ‘सेरेमोनियल’ (समारंभासाठीचा दर्जा) या शब्दाला कायद्याने ठरलेली व्याख्या नाही, तेव्हा रंग बघा: पिवळट, शेवाळी दिसली तर पावडर जुनी किंवा हलकी. पावसाळ्यात डबा फ्रिजमध्ये ठेवा, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. गार पावडरीवर हवेतली ओल बसते आणि आठवड्याभरात वास जातो.