कँटन फेअर ते कायपिंग: सँपल पास करण्याआधी हे वाचा

परतून नऊ दिवस झाले. टाचेवरचा फोड भरत आला, राग मात्र अजून तसाच आहे. तो आहे तोवरच लिहिते, कारण तो निवळला की मी हे सगळं गोड करून सांगेन आणि पुढे जाणाऱ्याला त्याचा काही उपयोग होणार नाही.

मी बाथरूममधलं स्टीलचं सामान आयात करते. टॉवेल रॅक, साबणाच्या जाळ्या, हूक वगैरे. मागच्या वर्षी चार सप्लायरकडून कुरिअरने सँपलं मागवली. त्यातला एक टॉवेल रॅक हातात घेतल्याबरोबर ठरलं, हाच. वजनदार पाइप, वेल्डिंगचा सांधा बोटाला लागत नाही, मागच्या बाजूला 304 कोरलेलं, म्हणजे न गंजणाऱ्या चांगल्या स्टीलचा क्रमांक. 400 नगांची ऑर्डर दिली. तिसऱ्या महिन्यात ब्रॅकेटभोवती तांबूस डाग पडल्याचे फोटो यायला लागले. सँपलचा रॅक माझ्या स्वतःच्या बाथरूममध्ये वर्षभर रोज भिजतोय, त्यावर ठिपका नाही. सप्लायरचं एकच पालुपद होतं: माल सँपलप्रमाणेच आहे, तुमच्याकडचं पाणी खराब. म्हणून या वेळी स्वतः चीनला गेले, आधी ग्वांगझूच्या कँटन फेअरला, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला, आणि मग कायपिंगच्या कारखान्यांत.

बिझनेसचा एम व्हिसा, आधीच ऑनलाइन नोंदणी करून काढलेला बायरचा बॅज, दिवसभर चालून चावणार नाहीत असे बूट, एवढं तुमच्याकडे आहे असं धरते. फक्त टप्पा चुकवू नका. फेअर वर्षातून दोनदा भरतो आणि दर वेळी पाच-पाच दिवसांचे तीन टप्पे असतात. पहिल्यात यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स. घरगुती वस्तू, बांधकाम साहित्य आणि बाथरूमचं सामान दुसऱ्यात, म्हणजे 23 ते 27 ऑक्टोबर. कपडे आणि खेळणी तिसऱ्यात. विमानात भेटलेले एक काका खेळण्यांची सँपलं घ्यायला दुसऱ्या टप्प्यात चालले होते. त्यांना हे सांगताना मलाच वाईट वाटलं. ग्वांगझूमध्ये फेअर भरतो त्या पाझू भागातल्या हॉलपर्यंत मेट्रोच्या 8 नंबर लाइनने जा. संध्याकाळी फेअर सुटल्यावर टॅक्सीच्या नादाला लागू नका, मी तासभर रस्त्यावर उभी होते.

दोन दिवसांत 31 गाळे केले. माझा तोच टॉवेल रॅक सात गाळ्यांवर दिसला, सात वेगळ्या नावांनी. माझ्या जुन्या सप्लायरचाही गाळा होता. मागच्या भिंतीवर त्यांच्या कारखान्याचा मोठा फोटो, निळं छत, दारात पिवळी फोर्कलिफ्ट. दोन ओळी पलीकडच्या गाळ्यावर तेच निळं छत आणि तीच पिवळी फोर्कलिफ्ट. 1957 पासून चाललेलं प्रदर्शन आहे, म्हणजे आत बसलेला प्रत्येक जण कारखानदारच असणार असं मी धरून चालले होते. तसं अजिबात नाही. ट्रेडिंग कंपन्याही रीतसर गाळा घेतात आणि त्यात बेकायदा काही नाही. पण सँपल देणारा आणि माल बनवणारा एकच आहे का, हे तुम्हालाच शोधावं लागतं. बिझनेस लायसन्सचा फोटो मागा. त्यावर 18 आकडे-अक्षरांचा क्रमांक असतो आणि धंद्याचं स्वरूप सांगणारा लांबलचक मजकूर असतो. भाषांतराच्या ॲपने तो वाचा. त्यात उत्पादनाचा उल्लेखच नसेल, नुसती विक्री आणि आयात-निर्यात असेल, तर समोर व्यापारी बसलाय. लायसन्सवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नसेल तर सरळ उठा.

शेवटच्या दिवशी दुपारनंतर गाळ्यावर मांडलेले नग स्वस्तात द्यायला लागतात. ते घेऊ नका. मांडणीचा नग हाताने घासून-पुसून खास बनवलेला असतो, त्यावरून मालाचं काहीही कळत नाही.

आता कायपिंग. नळ आणि बाथरूमच्या सामानाचे कारखाने कायपिंगच्या शुईकोऊ भागात दाटीवाटीने आहेत, ग्वांगझूहून गाडीने साधारण दोन तास. मी दोन कारखाने निवडले होते. दिवसाचे 500 युआन ठरवून एक दुभाषी मुलगी सोबत घेतली होती. तो खर्च वाचवू नका.

जाण्याआधी एक गैरसमज काढून टाका. चुंबक चिकटत नाही म्हणजे 304, असं सगळे सांगतात आणि मीही वर्षानुवर्षं खिशात चुंबक घेऊन फिरले. हे साफ चूक आहे. स्वस्त 201 स्टीललाही चुंबक चिकटत नाही. उलट चांगलं 304 वाकवलं-दाबलं की त्या जागी थोडं चिकटतं. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 201 मध्ये निकेल महाग म्हणून ते साडेतीन ते साडेपाच टक्क्यांवर आणतात आणि ती जागा मँगनीजने भरतात. बाथरूमच्या ओलाव्यात तेच आधी गंजतं. म्हणून मँगनीज ओळखणारं द्रव लागतं. लहानशी बाटली आणि 9 व्होल्टची बॅटरी येते. धातूवर एक थेंब टाकायचा, बॅटरी टेकवायची, थेंब लाल झाला तर 201. ते तिकडेच विकत घ्या, विमानातून नेऊ नका. काळ्या मॅट रंगाचा माल असेल तर पाइपच्या आतल्या बाजूने कानस मारून उघड्या धातूवर थेंब टाका.

पहिल्या कारखान्यात वर सँपल रूममध्ये बसवलं, चहा दिला, रॅक समोर ठेवला. पाइप, ब्रॅकेट, स्क्रूची टोपी, तिन्हीकडे थेंब टाकला. रंग बदलला नाही. मॅनेजरबाई हसल्या. मी म्हटलं, आता खाली माल बनतो त्या चालू लाइनवरचा नग दाखवा. तिथून पुढे दीड तास गेला. लाइन बंद आहे. पॉलिशवाल्यांना सुट्टी आहे. खाली बाहेरच्या माणसांना परवानगी नाही. जेवून घेऊ या. आणि हे सगळं चालू असताना खालून पॉलिशिंगच्या चाकांचा घरघराट ऐकू येत होता. दुभाषी मुलीनेही हळूच सुचवलं की आता पुरे. मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी एक माणूस एक रॅक घेऊन वर आला. तो मी टेबलावरच ठेवला, जिना उतरले आणि क्रेटमधून माझ्या हाताने चार नग उचलले.

पाइपवरचा थेंब पाण्यासारखाच राहिला. ब्रॅकेटवर टाकला, बॅटरी टेकवली. मनात पाच म्हणेपर्यंत थेंबाच्या कडेला गुलाबी वलय आलं आणि मग अख्खा थेंब डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला. चारही नगांचं तेच. व्हर्नियर लावला तर वरच्या सँपलच्या पाइपची जाडी 0.8 मिलिमीटर, लाइनवरच्याची 0.5. वजनात पाव किलोहून जास्त फरक.

बाई जराही गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही 304 चा रॅक मागितलात, रॅक म्हणजे पाइप, ब्रॅकेट 201 चं लावायची इथली पद्धतच आहे. तिथे उभ्या उभ्या मला माझे 400 नग कळले. माझ्या जुन्या ऑर्डरवर एवढंच लिहिलं होतं: स्टेनलेस स्टील 304. कुठला भाग, किती जाडी, काही नाही. सँपल रूममध्ये वेगळे कारागीर वेगळ्या पत्र्यातून नग बनवतात आणि कागदावर तो नग कुठेच बांधलेला नसतो. पण म्हणून मी त्यांना माफ करत नाही. ज्या कारखान्यात लाइनवर जायला दीड तास भांडावं लागतं, तिथून काहीही घेऊ नका.

दुसरा कारखाना ठीक निघाला. मालकानेच लाइनवर नेलं, स्वतः थेंब टाकून दाखवला आणि 201 व 304 ब्रॅकेटचे दोन वेगळे भाव सांगितले. महाग आहे. सँपलं तिथूनच घेतली. परतीच्या वाटेवर कायपिंगचे दियाओलोऊ पाहिले, 2007 पासून जागतिक वारसा आहेत ते जुने मनोरे. सुंदर आहेत.

कुरिअरमध्ये लुटले गेले. सँपलं जोडलेल्या अवस्थेतच खोक्यात भरली. खोकं 65 बाय 40 बाय 45 सेंटिमीटर, वजन 9.8 किलो, भाव किलोला 60 युआन. मी 600 युआन धरले होते. बिल आलं 1410 चं. लांबी, रुंदी, उंची गुणून 5000 ने भागतात आणि जे जास्त भरेल ते वजन लावतात. माझ्या खोक्याचं ते 23.4 भरलं, वर अर्ध्या किलोला पूर्ण केलं. हा नियम जगभरचा आहे, पण दुकानदाराने भाव सांगताना त्याचा एक शब्द काढला नाही आणि रात्रीचं विमान असल्यामुळे मला पुन्हा बांधायला वेळ नव्हता. पाइप सोडवून ब्रॅकेट वेगळे रचले असते तर खोकं 65 बाय 20 बाय 15 मध्ये बसलं असतं आणि खऱ्या वजनाचेच पैसे गेले असते. मोजपट्टी आणि चिकटपट्टी जवळ ठेवा, कितीने भागता ते आधी विचारा. परदेशी कार्ड जोडून अलीपे या पेमेंट ॲपने पैसे दिलेत तर 200 युआनच्या वरच्या व्यवहारावर 3 टक्के आणखी जातात. आणि खोक्यावर 'व्यापारी मूल्य नाही' असं लिहून घेऊ नका. कस्टमवाले मूल्य स्वतः ठरवतात आणि मग खोकं अडकून पडतं.

ऑर्डरच्या कागदावर आता मी प्रत्येक भागाची वेगळी ओळ लिहिते: पाइप 304, जाडी 0.8. ब्रॅकेट 304. स्क्रू 304. एका नगाचं वजन ग्रॅममध्ये. सँपलचे पैसे ऑर्डरमधून वजा होणार असतील तर तेही तिथेच. दुसऱ्या कारखान्यात तीन सारखे नग लाइनवरून उचलले, प्रत्येकावर मार्करने दोघांच्या सह्या आणि तारीख घातली, पिशवीत सील केले. एक कारखान्यात राहिला, एक माझ्याकडे, एक माल भरण्याआधी तपासायला जाणाऱ्या माणसाकडे जाईल.

चौथा, सील न केलेला नग घरी मोरीत टांगला आहे. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम मीठ, त्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून, रोज ओलं करून. आज आठवा दिवस. पाइप स्वच्छ, स्क्रू स्वच्छ, डाव्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगपाशी मोहरीएवढा तांबूस ठिपका आलाय. वेल्डिंगनंतर ॲसिडने नीट साफ केलं नाही तर 304 वरही असं होतं. फोटो मालकाला पाठवलाय आणि वेल्डिंगनंतर काय करता याचा व्हिडिओ मागितलाय. तो येईपर्यंत ॲडव्हान्स थांबवून ठेवला आहे.