वीतभर चित्रं आणि मागे लाईन

मोठ्या चित्राचं बरं असतं, चार पावलं मागे जायचं, मान तिरकी करायची, हम्म म्हणायचं की सुटलो. वीतभर चित्र तसं सोडत नाही. नाक काचेला लागेल इतकं जवळ जावं लागतं आणि तिथे एका वेळी एकच माणूस मावतो, त्यामुळे मागे आपोआप लाईन लागते. मुंबईत काळा घोड्याला एका गॅलरीत असं प्रदर्शन बघितलं, सगळी चित्रं पोस्टकार्डाएवढी, विषय अध्यात्म, आणि थोड्या वेळात तिथे चक्क "जरा पुढे सरका" सुरू झालं. एका काकूंनी तर दत्ताच्या चित्राला हात जोडले, गॅलरीतली मुलगी नुसती बघतच राहिली.

अध्यात्म म्हटलं की मला आधी धास्तीच वाटते. कमळ, बुद्धाचा अर्धा चेहरा, वर सोनेरी वर्ख, हे कॉम्बिनेशन आता स्पापासून हॉटेलच्या लॉबीपर्यंत सगळीकडे असतं. इथेही होती तसली काही. सोडून द्या.

पण एका चित्रात नुसती वीट होती. खाली जराशी सावली, बाकी कागद कोरा. विठोबा नाहीच! शेजारचं जोडपं, बहुतेक मराठी नसावं, "ब्रिक?" म्हणून पुढे गेलं आणि माझा पाय तिथून निघेना. हीच वीट सहा फुटी कॅनव्हासवर असती तर भाषण झालं असतं, असं आपलं मला वाटतं.

तशी छोटी चित्रं आपल्याकडे जुनीच. राजस्थानी, पहाडी लघुचित्रं मुळात भिंतीवर टांगायला नव्हतीच, हातात धरून बघायला होती. कागदाचे थर चिकटवून वसली, म्हणजे जाडसर कागद, करायची, अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायची, मग खारीच्या शेपटीच्या केसांच्या ब्रशने रंगवायचं, बसोहलीचे पहाडी चित्रकार तर दागिन्यातला पाचू दाखवायला भुंगेऱ्याच्या पंखांचे हिरवे तुकडे चिकटवायचे, आणि एवढी सगळी मेहनत कशासाठी तर एका वेळी एका माणसाने बघावं म्हणून. (काळा घोड्याहून चालत जाऊन छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बघता येतात.) आपली सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, त्याहून भारी, १२० गोल पानं, दहा अवतारांची बारा-बारा. मत्स्य, कूर्म, वराह हातात धरून लोक खुशाल डाव खेळायचे, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे हे मला फार आवडतं.

मुंबईत तर देवाला जागा मिळते तीच इंचात. टॅक्सीच्या डॅशबोर्डवर, किचनमध्ये डब्यांच्या वरच्या फळीवर, आणि जिन्याच्या वळणावर टाईल्समध्ये, साईबाबा, येशू आणि मक्का शेजारी शेजारी, लोकांनी थुंकू नये म्हणून. ते प्रदर्शन चोवीस तास चालू असतं आणि तिथे मान वर करून कोणी बघत नाही.

गॅलरीत विकल्या गेलेल्या चित्राखाली लाल टिकली लावतात. वर्खवाल्यांना भराभर लागत होत्या, विटेला नव्हती. किंमत विचारली. मग त्या मुलीला म्हटलं ईएमआय आहे का, ती हसली, मी मात्र सिरियस होतो.