पलीकडे बसलंय कोण?

"एचटीटीपीएस आहे ना, मग टाक बिनधास्त कार्ड नंबर" असं सांगणारा एक तरी जण प्रत्येक घरात असतोच, आणि त्याचं अर्धं बरोबरच असतं.

म्हणजे गणिताचा भाग खरंच भारी आहे. टीएलएस १.३ मध्ये (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन, २०१८ पासूनचं व्हर्जन) ब्राउझर पहिल्याच मेसेजमध्ये एक आकडा उघड्यावर पाठवतो, सर्व्हर त्याचा एक पाठवतो, आणि दोघं समोरून आलेला आकडा आणि स्वतःजवळ लपवलेला एक आकडा मिळून आपापल्या जागी सेम सिक्रेट काढतात, जे नेटवर्कवरून कधी जातच नाही! मूळ आयडिया डिफी आणि हेलमन या संशोधकांची, १९७६ ची. शिवाय प्रत्येक कनेक्शनला नवे आकडे, त्यामुळे आज कुणी सगळा ट्रॅफिक रेकॉर्ड करून ठेवला आणि पुढे सर्व्हरची प्रायव्हेट की (त्याची गुप्त किल्ली) चोरली तरी जुनं काही उघडत नाही. कॅफेच्या वायफायवाल्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते सहसा कळतं, पण कुठलं पान उघडलं, पासवर्ड काय टाकला ते नाही.

पण पलीकडे बसलंय कोण? ते सांगतं सर्टिफिकेट, म्हणजे हे डोमेन (साइटचा पत्ता) याचंच आहे असा एखाद्या कंपनीने दिलेला दाखला, आणि तिथे नुसतं गणित पुरत नाही, त्या कंपनीवर भरवसा लागतो. २०११ मध्ये डिजिनोटार नावाच्या, असली सर्टिफिकेटं देणाऱ्या डच कंपनीत हॅकर घुसला आणि त्याने पाचशेच्या वर खोटी सर्टिफिकेटं काढली, त्यातलं गूगलचं इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं, म्हणजे एन्क्रिप्शन एकदम चोख, फक्त मधल्या चोराशी! पकडलं गेलं कसं, तर क्रोममध्ये गूगलच्या साइटला कुणाचं सर्टिफिकेट चालेल ही यादी आधीच भरलेली होती, म्हणून तिकडच्या एका युजरला वॉर्निंग आली. त्याच महिन्याभरात कंपनी दिवाळखोरीत. आणि हे काय फक्त तिकडेच होतं असं नाही हं, २०१४ मध्ये आपल्या एनआयसीकडूनही (सरकारी आयटी संस्था) गूगलच्या डोमेनची बोगस सर्टिफिकेटं निघाली होती.

आता सर्टिफिकेटं पब्लिक लॉगमध्ये टाकावी लागतात, नाहीतर क्रोम ती मानतच नाही, त्यामुळे असले प्रकार लपत नाहीत. राहतो तो साधा भामटा, जो बँकेसारखं दिसणारं डोमेन घेतो आणि लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेकडून फुकट सर्टिफिकेट लावतो, त्यात खोटं काहीच नाही, डोमेन त्याचंच आहे ना. अ‍ॅड्रेस बारमधलं ते कुलपाचं चिन्ह त्यालाही मिळायचंच. शेवटी २०२३ मध्ये क्रोमने ते कुलूपच काढून टाकलं आणि तिथे सेटिंगचं चिन्ह बसवलं, माझ्या मते उशीरच केला.