आल्फामाच्या सहा तोट्या

परवा सकाळी शेजारच्या आजींनी जिन्यातून हाक मारली, "व्हिझिन्या, बाल्द आहे का?" व्हिझिन्या म्हणजे शेजारीण, आणि बाल्द म्हणजे आपली बादली. क्षणभर वाटलं, साताऱ्याच्या मंगळवार पेठेतल्या काकूच बोलावताहेत. बादली, पिंप, घमेलं, परात हे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले एवढं शाळेत कानावर पडलं होतं. पण लिस्बनच्या सगळ्यात जुन्या वस्तीत, ओल्या दगडी पायऱ्यांवर उभं राहून तोच शब्द त्याच वस्तूसाठी ऐकला, तेव्हा अंगावर काटा आला.

या वस्तीचं नाव आल्फामा. साताऱ्यातून ओळखीचे लोक सारखे विचारतात, "तुझं गाव दिसतं कसं?" म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहावंच.

डोंगर, डोंगरावर किल्ला, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी उतारावर बिलगलेली घरं. अजिंक्यताऱ्याखाली वाढलेल्या माणसाला हे समजवायला लागत नाही. फरक इतकाच की इथला उतार नदीत जाऊन संपतो, आणि तेजू नदी इथे खाडीएवढी रुंद आहे. बोळ इतके अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून बायका बोलतात आणि दोरीवरचे कपडे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर टपकतात. काही बोळांत गाडी काय, सायकलही नेता येत नाही. वरच्या अंगाला 28 नंबरची पिवळी ट्राम वळणं घेत खडखडत जाते. तिथल्या पोर्ताश दु सोलच्या सज्जावरून खाली पाहिलं की लाल कौलांचा सगळा उतार एका नजरेत येतो.

वरच्या साओ जॉर्ज किल्ल्याला 1147 साली वेढा पडला. त्या वेळी लिस्बन मुसलमान राज्यकर्त्यांकडे होतं. राजा अफोंसू हेन्रीकिशने पॅलेस्टाइनला निघालेल्या धर्मयोद्ध्यांची गलबतं मदतीला वळवली आणि जुलै ते ऑक्टोबर, जवळपास चार महिन्यांनी, शहर पडलं. वाचताना मला आपल्या अजिंक्यताऱ्याचा 1700 सालचा वेढा आठवत राहिला. प्रयागजी प्रभूंनी औरंगजेबाच्या फौजेला साधारण तेवढेच महिने तटाखाली थोपवून धरलं होतं. इथे जिंकल्यावर लगेच 'से' नावाचं कॅथेड्रल उभारायला घेतलं. दोन बुरुजांची ही इमारत देवळापेक्षा गढीच जास्त वाटते.

1 नोव्हेंबर 1755. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, मग नदीतून लाट आली, मग मेणबत्त्यांनी आणि चुलींनी पेटलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. खालचं सपाटीवरचं शहर जवळजवळ संपलं. आज तिथे सरळ रेषेत आखलेले रस्ते आहेत. आल्फामालाही तडाखा बसला, पण डोंगराच्या अंगावरची ही वस्ती बरीचशी तगली. म्हणून मूर, म्हणजे त्या जुन्या मुसलमान राज्यकर्त्यांच्या काळापासूनचं वाकड्यातिकड्या बोळांचं जाळं अजून पायाखाली आहे.

नदीकाठी 1523 सालचं एक घर आहे, कासा दुश बिकुश. त्याच्या दर्शनी भिंतीवरचा दगड न् दगड हिऱ्यासारखा टोकदार घडवलेला. बांधणारा ब्राश द अल्बुकर्क. आणि त्याचा बाप म्हणजे 1510 साली गोवा घेणारा अफोंसू द अल्बुकर्क. भूकंपात वरचे दोन मजले कोसळले होते, ते 1980 नंतर पुन्हा चढवले. तिथून मी रोज जाते, आणि रोज एकदा तरी मनात येतं की या दगडांत आपल्या किनाऱ्यावरचा पैसा आहे.

पण मला खरं सांगायचंय ते पाण्याचं. आल्फामा हे नावच मुळात अरबी 'अल-हम्मा'वरून आलं, म्हणजे गरम पाण्याचे झरे. डोंगराच्या पोटातून पाणी पाझरायचं म्हणून माणसं इथे राहिली. एका बोळात धुणं धुवायचं सार्वजनिक ठिकाण आजही आहे. आजींची बादली तिकडेच निघाली होती. फादू या इथल्या व्याकूळ गाण्याचं संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ते 1868 साली पाणी वर चढवण्यासाठी बांधलेलं पंपघर होतं. 1868 हा आकडा पाहून मी थबकले. त्याच वर्षी पुण्यात जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. फुल्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, खटावमधलं कटगुण.

तिथून दोन मिनिटांवर शाफारीश द'एल-रेई, राजाचा पाणवठा. बंदरातली जहाजं आणि अर्धं शहर इथे पाणी भरायचं. सहा तोट्या, भांडणं रोजची. मग 1551 साली नगरपालिकेने हुकूम काढला. एक तोटी काळ्या, मिश्रवंशी आणि 'इंदिउ' म्हणजे हिंदी पुरुषांना, मग ते गुलाम असोत की मुक्त. एक गलबतांवर वल्ही मारणाऱ्या मूर कैद्यांना. दोन गोऱ्या पुरुषांना. पाचवी काळ्या, मिश्रवंशी आणि हिंदी बायकांना. सहावी गोऱ्या बायकांना. दुसऱ्याच्या तोटीला हात लावला तर शिक्षा, आणि कातडी काळी असेल तर फटके.

झरा एकच, पाणी एकच.

हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मी साताऱ्याची आहे. राजवाड्यातल्या सरकारी शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. ती शाळा म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल. या मुलाला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसला की तहान तशीच. पुढच्या वर्षी वडिलांना भेटायला हा मुलगा आणि त्याच्या घरची पोरं मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने गोरेगावला निघाली, तेव्हा जात कळल्यावर रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. मोती चौकातून राजवाड्याकडे मी हजार वेळा गेले असेन, मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खाल्ली असेल. तो नळ कुठल्या भिंतीला होता, हे विचारायचं मात्र कधी सुचलं नाही. ते इथे, आठ हजार किलोमीटरवर येऊन सुचलं.

आजींना मी मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये हे सांगितलं. त्यांनी हात पुसले, बराच वेळ माझा हात धरून ठेवला. त्यांचा जन्म याच बोळातला. त्यांच्या जिन्यात पूर्वी सगळी बिऱ्हाडं होती. आता निम्म्या दारांना प्रवाशांसाठी चाव्या ठेवायच्या, आकडे जुळवून उघडणाऱ्या पेट्या लटकतात आणि रात्रभर चाकांच्या बॅगा पायऱ्यांवर आपटत राहतात. मला याचं फार वाईट वाटतं. वस्ती भूकंपातून वाचली, पण घरभाडं तिच्या माणसांना एकेक करून बाहेर काढतंय.

जूनमध्ये मात्र सगळे परत येतात. 12 तारखेच्या रात्री संत आंतोनियूचा सण. हा संत याच शहरात, कॅथेड्रलच्या शेजारी जन्मला असं मानतात. बोळाबोळांत कागदी पताका, शेगडीवर भाजले जाणारे तारली मासे, आणि घरोघरी मांजेरिकूची कुंडी. मांजेरिकू म्हणजे बारीक पानांची, आपल्या तुळशीची बहीण. तिला नाक लावायचं नाही. तळहात अलगद फिरवायचा आणि मग तळहाताचा वास घ्यायचा. आजींनी गेल्या वर्षी मला एक कुंडी दिली. ती खिडकीत आईने पाठवलेल्या बियांच्या तुळशीशेजारी ठेवली आहे.

राजाचा पाणवठा आता कोरडा आहे. बाजारातून येताना मी तिथे पिशव्या टेकवते आणि पाचवी तोटी कुठली असेल, ते भिंतीवर मोजत उभी राहते.