फील्ड का सोडलंत?

12 मेच्या परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ झालं की कुणीतरी हटकून विचारतं. कधी नवी एएनएम, म्हणजे वस्तीत फिरणारी नर्स, कधी वार्ताहर, एकदा तर माझी नणंद. "वस्तीत इतक्या रमलेल्या तुम्ही, मग फील्ड सोडून टेबलाला का बसलात?" म्हणजे खुर्ची गोड लागली का, असं विचारायचं असतं. आजवर हसून वेळ मारून नेली. आता निवृत्त झालेय, हसायची सक्ती नाही.

तर, लागली गोड. पंखा होता, संडास होता. मुंबईतल्या गोवंडीत दिवसभर घरभेटी करणाऱ्या बाईला संडासाचं मोल सांगायला नको. पण कारण ते नव्हतं.

कारण एक पोरगी. नाव सांगणार नाही. आईबाप जालन्याकडचे, हिला एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा. 2012च्या जानेवारीत मुंबईत कुठल्याच औषधाला न जुमानणारा टीबी सापडल्याच्या बातम्या झळकल्या होत्या आणि वरून एकच धोशा होता, डोस चुकता कामा नये. तेव्हा कोर्स दोन वर्षांचा. पहिले सहा महिने तरी आठवड्याचे सहा दिवस कॅनामायसिनचं इंजेक्शन, वर मूठभर गोळ्या. इथिओनामाइडने उलट्या, सायक्लोसेरीनने डोकं भणभणायचं. पोरगी एक दिवस चुकली नाही. मीटिंगमध्ये तिचं उदाहरण मीच देत असे.

आधी ती म्हणाली, कानात रातकिडे ओरडतात. मी कार्डावर लिहिलं. मग आमची आरोग्य सेविका, मानधनावर राबणारी, जिचं कुणी ऐकून घेत नाही, ती सांगत आली, "सिस्टर, तिला मागून हाक मारली तर वळत नाही ती." मी घरी गेले. माय म्हणाली, "बाई, कुकरची शिट्टी ऐकू येईना हिला. भात करपवला. म्या मारलं तिला."

कॅनामायसिन आधी उंच, बारीक आवाज खातं. समोरासमोरचं बोलणं बरेच दिवस कळतं, म्हणून तपासणाऱ्याला पेशंट ठीक वाटतो. आणि गेलेलं परत येत नाही. स्ट्रेप्टोमायसिन या त्याच जातीच्या जुन्या इंजेक्शनच्या काळातल्या सिस्टर हे सांगत आल्या होत्या, यात नवीन काही नव्हतं.

मी तोंडी सांगितलं. मग लेखी दिलं की ऑडिओमेट्री म्हणजे कानाची तपासणी करा, इंजेक्शनचा फेरविचार करा. डॉक्टर तरुण होते, वाईट नव्हते. म्हणाले, "आत्ताच बोललो तिच्याशी, नीट ऐकते. इंजेक्शन थांबवलं आणि ती गेली तर, सिस्टर?" हा प्रश्न खोटा नव्हता, राग त्याचाच येतो. पण औषध बदलायचं की नाही हे वर ठरणार होतं, वर कागद जायला त्यांची सही लागत होती आणि नर्सने पाहिलेलं लिहायला फॉर्मात जागाच नव्हती. इंजेक्शन मात्र मीच देत राहिले. दिलं नसतं तर तिचं नाव अर्धवट सोडलेल्यांत गेलं असतं. ऑडिओमेट्रीची तारीख मिळाली तोवर ती माणसांचे ओठ बघायला लागली होती.

पोरगी बरी झाली. अहवालात 'क्युअर्ड', आमच्या हेल्थ पोस्टचा, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य केंद्राचा, बरे झालेल्यांचा टक्का वाढला. माय म्हणाली, "तुमाला ठाव होतं ना, बाई?" होतं.

पुढे प्रमोशनचा कागद आला तो घेतला. फॉर्म जिथे ठरतात ती खोली त्या मजल्यावर होती. कार्डात कानाच्या तक्रारीचा रकाना घालून घेतला, एएनएमने भरला तरी वर जाईल असा. कोर्स सुरू करण्याआधी कान तपासा म्हणून भांडले. मीटिंगमध्ये माझी खुर्ची मागच्या रांगेत, मी तोंड उघडलं की नेमका चहा यायचा. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनेच कॅनामायसिन वापरू नका असं सांगितलं. ते काही माझ्या रकान्यामुळे नव्हे. जगभरात बहिरे झालेले पेशंट आणि बेडाक्विलिनसारख्या गोळ्या यांनी ते घडवलं. टोमणा यायच्या आत मीच सांगून टाकते.

गोवंडीतली जुनी मी भेटली तर म्हणेल, रकान्याला काय ऐकू येतं? घरी जा. तिचंही खरं. रजिस्टरं तपासायला यायची तेव्हा 'तक्रार नाही, तक्रार नाही' एका शाईत, एका बैठकीत भरलेलं दिसायचं. मी तिला म्हणते, तू गेली होतीस ना घरी? ऐकलंस ना? पुढे काय झालं? ती हार मानत नाही. म्हणते, निदान त्या मायसमोर बसायला कुणी होतं. एका पोस्टमागे पन्नास हजारांच्या आसपास वस्ती, आणि मी निघाल्यावर माझी जागा किती काळ रिकामी राहिली हे तिला पाठ आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिच्याकडे तरी कुठे आहे?

2020 हे साल परिचारिकांचं म्हणून जाहीर झालं, त्याच साली थाळ्याही वाजल्या. छान वाटलं. फॉर्म ठरवायला मात्र कुणी बोलावलं नाही.

मागच्या पावसाळ्यात एका पीएचएनचा, म्हणजे पब्लिक हेल्थ नर्सचा, फोन आला. "ताई, प्रमोशन आलंय, घेऊ?" घे म्हटलं, क्षणभरही विचार न करता. आता तिच्या वस्तीतल्या बायका माझा नंबर शोधून विचारतात, आमच्या सिस्टर कुठं गेल्या, नवीन कधी येणार? मी त्यांना ऑफिसचा नंबर देते.