हाडं नव्हे, पांढरट गोटे : कोरॅल ब्लफ्स

डेन्व्हरहून आय-२५ महामार्गानं दक्षिणेला साधारण ११० किलोमीटर गेलं की कोलोरॅडो स्प्रिंग्स. बहुतेक पर्यटक इथून पश्चिमेला, पाइक्स पीक या शिखराकडे वळतात. आम्ही उलट पूर्वेला निघालो. शहर मागे पडलं की गवताळ माळ लागतो आणि त्यात पावसानं चिरत नेलेल्या पिवळट-करड्या कड्यांची रांग, हेच कोरॅल ब्लफ्स. डायनासोर संपल्यानंतरची पहिली १० लाख वर्षं या थरांत साठली आहेत. सस्तन प्राणी मोठे कसे झाले, ते याहून सलग क्वचितच कुठे वाचायला मिळतं.

आत मनाला येईल तसं जाता येत नाही. जागा शहराच्या मालकीची, फेरी मार्गदर्शकासोबतच. त्यामुळे आधी नोंदणी, मग विमानाचं तिकीट. उंची २००० मीटरच्या आसपास, सावली जवळपास नाही. माणशी ३ लिटर पाणी हवंच. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचा पाऊस येतो आणि ओली चिकणमाती बुटाला अशी धरते की उतारावर पाय ठरत नाही. सकाळीच उरकावं. कपारीत हात घालू नये, रॅटलस्नेक असतात. आणि खिशात काही टाकायचं नाही, साधा खडासुद्धा.

या कड्यांत पूर्वीही शोध झाला होता, पण हाती फारसं लागत नव्हतं. कारण नजर उघड्यावर पडलेल्या हाडांवर होती. २०१६ मध्ये डेन्व्हरच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या टायलर लायसन यांनी हाडांऐवजी गोटे शोधायला सुरुवात केली. गाडल्या गेलेल्या हाडाभोवती खनिजं साकळून कठीण गाठ तयार होते, तिला कॉन्क्रीशन म्हणतात. इथल्या गाठी फॉस्फेटच्या, बाहेरून पांढरट आणि दिसायला अगदीच सामान्य. गोटा फोडला की आत कवटीचा आडवा छेद दिसतो. अर्थात प्रत्येक गोट्यात काही असतंच असं नाही. घाव जोरात बसला तर फट थेट दातांतून जाते, आणि सस्तन प्राणी ओळखायचा तो मुख्यतः दाढांवरूनच. म्हणून पुढचं काम प्रयोगशाळेत : सूक्ष्मदर्शकाखाली, हवेच्या दाबावर चालणाऱ्या सुईनं कणाकणानं दगड उडवायचा, नाजूक नमुन्यांचं आधी सीटी स्कॅन. या काळातले सस्तन प्राणी इतरत्र बहुधा सुटे दात आणि जबड्याचे तुकडे यांवरूनच माहीत असताना इथे अख्ख्या कवट्या मिळतात, हीच खरी चैन.

थर खालून वर वाचायचे. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या, डायनासोर संपवणाऱ्या लघुग्रहाच्या आघातातून वाचलेले सस्तन प्राणी उंदीर-घुशीएवढे, जेमतेम अर्धा किलोच्या आसपास. भोवती नेच्यांचं रान, मग ताडवर्गीय झाडं. लाखभर वर्षांत सर्वांत मोठा प्राणी आघातापूर्वीच्या ८ किलोच्या जवळ पोचतो. आघातानंतर सुमारे ३ लाख वर्षांवर अक्रोडाच्या कुळातली झाडं वाढतात आणि कार्सिऑप्टिकस हा सस्तन प्राणी दिसतो. टणक फळं फोडायला सोयीच्या दाढांचा, २०-२५ किलोचा. ७ लाखांवर शेंगा येतात आणि वजन ५० किलोच्या घरात जातं. प्रथिनांचा खुराक आला आणि अंग वाढलं, हे ऐकायला सोपं वाटतं. पण दोन्ही गोष्टी एकाच थरात सापडणं म्हणजे एकीमुळे दुसरी घडल्याचा पुरावा नव्हे, एवढं भान ठेवावं.

वय कसं ठरवलं? राखेच्या थरांतल्या युरेनियम-शिशाच्या मोजणीनं, परागकणांवरून आणि खडकात गोठलेल्या चुंबकीय दिशेवरून. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळही डायनासोर संपले त्याच काळाच्या आगेमागे, लाव्हा बनून, ओतला जात होता. कोलोरॅडोच्या उन्हात ते आठवून गंमत वाटते.

परतताना डेन्व्हरचं संग्रहालय चुकवू नका. कड्यात कवटी दिसेल या आशेनं आलेल्याला ती दिसते ती तिथेच. लोक्सोलोफस या इथल्याच सस्तन प्राण्याची कवटी बघताना आधी दाढांकडे वाका, डोळ्यांच्या खोबणीकडे नंतर.